तिळाचं सारण, चिकट तांदळाची पारी

खानदेशात गणपतीचे मोदक म्हणजे तळणीचे. पारी कणकेची नाहीतर रवा-मैद्याची, आत सुकं खोबरं, पिठीसाखर, खसखस, वेलदोडा. एरंडोलजवळ पद्मालयाला उजव्या आणि डाव्या सोंडेचे दोन गणपती शेजारी शेजारी बसले आहेत. चतुर्थीला तिथे जाणाऱ्यांचे डबे उघडले तर बहुतेकांत हेच निघतील. तळलेला मोदक चार दिवस राहतो, प्रवासात फुटत नाही, आणि त्याला कमीपणा मानायचं काहीच कारण नाही. जपानमध्ये गणपती ‘कांगितेन’ या नावाने पुजला जातो, त्याच्या नैवेद्याचा ‘कांगिदान’ हा पदार्थही तळलेलाच असतो. क्योतोमधलं १६१७ साली सुरू झालेलं ‘कामेया कियोनागा’ हे दुकान आजही तो तिळाच्या तेलात तळून विकतं. आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण आणि सुगंधी मसाले. म्हणजे जपानी गणपतीची आवड कोकणापेक्षा खानदेशाला जवळची.

उकडीचा मोदक आपल्याकडे उशिरा आला. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली मंडळी, तिकडून लग्न होऊन आलेल्या सुना, आणि आता मोबाइलवरचे व्हिडिओ यांनी तो आणला. कारण सरळ आहे. जळगाव जिल्ह्यात वर्षाला पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. काळी जमीन, कापूस, केळी, मका, ज्वारी. भाताची खाचरं बघायची तर साक्री तालुक्यात पिंपळनेरकडे किंवा पुढे नवापूरला जावं लागतं. घरात तांदूळ असतो, पण तो खिचडीचा आणि वरणभाताचा. तांदळाच्या पिठाशी आपल्या हाताची ओळख अनारशापुरती.

या लेखाचा विषय मात्र मोदकाहून लांबचा आहे. चीनमध्ये ‘थांगयुआन’ नावाचा एक गोड पदार्थ करतात. चिकट तांदळाच्या पिठाचा लिंबाएवढा पांढरा गोळा, आत काळ्या तिळाचं सारण, आणि हा गोळा वाफेवर न ठेवता सरळ उकळत्या पाण्यात सोडून शिजवलेला. वाटीत गरम पाण्यासह किंवा आल्याच्या गोड पाण्यासह वाढतात. चावला की आतून काळं, गरम, दाट सारण वाहतं. हा पदार्थ जळगावच्या स्वयंपाकघरात नीट होतो, आणि पहिल्यांदाच करणाऱ्याला उकडीच्या मोदकापेक्षा सोपा जातो असं माझं मत आहे. मोदकाच्या कळ्यांना हात बसावा लागतो. इथे गोळा फक्त बंद करायचा.

तसं पाहिलं तर कल्पना आपल्यालाही जुनीच. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात तांदळाच्या पिठात गोड सारण भरून, वेलची-कापराचा वास देऊन केलेल्या गोळ्यांचा उल्लेख येतो. ते गारांसारखे दिसतात म्हणून त्यांना ‘वर्षोपलगोलक’ म्हटलं आहे. थांगयुआनचा घाणा पाण्यातून काढून ताटलीत ठेवला तर हे वर्णन त्यालाच जास्त शोभेल. बंगालात पौष संक्रांतीला तांदळाच्या पारीत नारळाचं सारण भरून ती ‘पुली’ दुधात शिजवतात. भारतभर या घराण्याचे पदार्थ आहेत. फरक पडतो तो तांदळात.

आधी सारण, कारण ते घरचं आहे.

चिनी सारणं दोन प्रसिद्ध: काळे तीळ आणि शेंगदाणे. या दोन्हींसाठी जळगावचं नाव शेतीच्या पुस्तकांत आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं तेलबिया संशोधन केंद्र जळगावला आहे. ‘जेएल-२४’ अर्थात ‘फुले प्रगती’ हा भुईमुगाचा वाण तिथलाच. उपट्या जातीचा, लवकर येणारा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तो शेतकऱ्यांच्या हाती आला आणि देशभर पसरला, पुढे आफ्रिकेतल्या मलावीपर्यंत गेला. तिळाचे ‘जेएलटी-७’ म्हणजे ‘तापी’, ‘जेएलटी-२६’ म्हणजे ‘पद्मा’ आणि पुढचा ‘जेएलटी-४०८’ हे वाणही याच केंद्राचे. नावातला ‘जेएल’ जळगावचाच. यातला एकही काळ्या तिळाचा नाही; हे सगळे संक्रांतीच्या लाडवाचे आणि चटणीचे.

काळ्या तिळाची गोष्ट जरा वेगळी. आपल्याकडे तो पितृपक्षात तर्पणाला लागतो, शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर तेलाबरोबर मिळतो. गोडाच्या पदार्थात काळे तीळ घालायचे म्हटलं की घरातल्या मोठ्या बायका थबकतात. चवीचा विचार केला तर थबकायचं कारण नाही. काळा तीळ सालासकट असतो, त्यामुळे चव थोडी कडसर, रानटी आणि वास जास्त. गोड सारणात हाच कडसरपणा हवा असतो, नाहीतर साखर आणि तूप मिळून सगळं मिट्ट होतं. कोणाला अगदीच नको असेल तर पांढरे तीळ घ्या, किंवा भाजलेले शेंगदाणे. शेंगदाण्याचं सारणही चीनमध्ये तेवढंच चालतं, तो काही आपण केलेला जुगाड नाही.

काळे तीळ पूजेच्या दुकानातून आणले तर रोळून घ्या. त्यात बारीक खडा हमखास असतो, आणि मऊ गोळ्यात दाताखाली आलेला खडा सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो. धुतलेले तीळ कापडावर पूर्ण वाळू द्यायचे. भाजताना खरी अडचण येते: काळा तीळ भाजला गेला की नाही हे रंगावरून कळत नाही, आणि जळाला तर कडूजहर होतो. यावर सोपा उपाय आहे. कढईत काळ्या तिळांबरोबर चिमूटभर पांढरे तीळ टाकायचे आणि डोळा त्यांच्यावर ठेवायचा. ते बदामी झाले, दोन-चार दाणे तडतडून उडाले, की कढई खाली उतरवून तीळ लगेच परातीत पसरायचे. लोखंडी कढईत राहू दिले तर आच बंद झाल्यावरही भाजतच राहतात.

गार झालेले तीळ मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवायचे. तिळात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं. एका दमात फिरवलं की भांडं तापतं, तेल सुटतं आणि भुकटीऐवजी चिखल हाती येतो. ऐंशी ग्रॅम तिळाच्या कुटाला पन्नास ग्रॅम पिठीसाखर, पन्नास ग्रॅम तूप आणि कणभर मीठ. चिनी घरांत तुपाच्या जागी डुकराची चरबी असते. आपल्या घरी साजूक तूप, आणि तिळाबरोबर त्याचा वास बसतोही छान. साखरेऐवजी गूळ घालायचा मोह प्रत्येकाला होतो. गूळ ओल धरतो आणि शिजताना पाणी सोडतो, मग पारी आतून भिजून फुटते. गूळ बाहेरच्या पाण्यात घालू, तिथे तो हवाच आहे.

हे मिश्रण तासभर फ्रीजमध्ये ठेवून त्याच्या सुपारीएवढ्या गोळ्या वळायच्या आणि त्या परत फ्रीजरमध्ये. यातच वाहत्या सारणाची सगळी युक्ती आहे. भरताना तूप थिजलेलं, म्हणून सारण दगडासारखं आणि हाताला सोपं. उकळत्या पाण्यात गेलं की वितळतं आणि बाहेर पारीची पिशवी तयार झालेली असते. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा आपल्याकडे तूप बरणीतच पातळ असतं. त्या दिवसांत हा उद्योग करू नये. पौष-माघातली थंडी याला योग्य.

चीनमध्येही हा थंडीचाच पदार्थ. दक्षिण चीनमध्ये तो खायचा मोठा दिवस म्हणजे २१ किंवा २२ डिसेंबर, वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. आपली मकरसंक्रांतही मुळात सूर्य उत्तरेकडे वळण्याचा सण. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन दिवस एकच होते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश फिरतो, त्यामुळे ताऱ्यांच्या आधाराने मोजलेली आपली संक्रांत दर बहात्तर वर्षांना जवळपास एक दिवस पुढे सरकत १४-१५ जानेवारीला आली. त्यांचा दिवस ऋतूला बांधलेला, म्हणून जागचा हलला नाही. तीळ मात्र दोघांनीही सोडला नाही. दुसरा दिवस त्यांच्या पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेचा, दिव्यांच्या सणाचा. ती बहुधा आपली माघ पौर्णिमा असते: २०२५ मध्ये ती १२ फेब्रुवारीला होती. त्यांचा अधिक महिना मध्ये आला की ती फाल्गुनात जाते. २०२६ मध्ये ३ मार्चला, म्हणजे होळीच्या पौर्णिमेला.

आता पारी.

ज्वारीचं पीठ मळताना आपण आधण का घालतो? गव्हात चिकटून ताणणारं प्रथिन असतं, ग्लुटेन; ते ज्वारीत नाही, तांदळातही नाही. नुसत्या गार पाण्यात मळलेलं ज्वारीचं पीठ थापायला घेतलं की कडा चिरतात. उकळतं पाणी पडलं की पिठातल्या स्टार्चचे कण फुगतात, फुटतात आणि त्यांची खळ होते. तीच खळ उरलेल्या पिठाला धरून ठेवते. जुन्या पिठाची विरी गेली की आधण जास्त लागतं, हे प्रत्येक भाकरी करणारीला माहीत असतं. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर सालाचा उडीद दळलेला असतो, तो चिकटपणाचं काम वेगळ्या वाटेने करतो. मोदकाची उकड ही आधणाचीच पुढची पायरी: वाटीभर पाण्याला उकळी, त्यात मीठ आणि चमचाभर तूप, मग वाटीभर पीठ, झाकण, दोन वाफा, आणि हात भाजेल अशा गरमपणातच मळणं. त्यामुळे भाकरी येणाऱ्या बाईला उकड येत नाही असं सहसा होत नाही. तिची चूक होते ती तांदूळ निवडताना.

स्टार्च दोन रेणूंचा बनलेला असतो. एक लांब, जवळपास सरळ साखळीचा, त्याला अमायलोज म्हणतात. दुसरा झाडासारखा फांद्या फुटलेला, अमायलोपेक्टिन. आपल्या नेहमीच्या तांदळात अमायलोज साधारण वीस ते पंचवीस टक्के, काही जातींत त्याहून जास्त. सरळ साखळ्या थंड झाल्या की एकमेकींना बिलगून रांगा धरतात आणि आतलं पाणी बाहेर ढकलतात. भात मोकळा होतो तो यामुळेच. सकाळचा उकडीचा मोदक संध्याकाळी वातड होतो, त्यालाही हेच कारण. फ्रीजमध्ये तर ही क्रिया जास्तच जोरात चालते. म्हणून मोदकाला नवा, जरा चिकट तांदूळ घ्यायचा, आंबेमोहोर किंवा इंद्रायणी. जळगावच्या दुकानांत जो कोलम, कालीमूछ, चिनोर मिळतो तो भाताला उत्तम, पण त्याची जुनी पिठी मोदकाला दगा देते. दळताना मूठभर साबुदाणा टाकायची युक्ती घरोघरी चालते, तीही पारीला लवचीकपणा यावा म्हणूनच.

चिकट तांदळात अमायलोज जवळजवळ नसतंच, शून्य ते दोन टक्के. त्या भातात अमायलोज बनवणारं जनुक बिघडलेलं असतं. निसर्गात असे बिघाड होत राहतात. पूर्व आणि आग्नेय आशियातल्या शेतकऱ्यांनी हा बिघाड हेरला, त्याचं बी वेगळं ठेवलं आणि हजारो वर्षं जपलं. सगळा स्टार्च फांद्यांचा असल्यामुळे तो शिजला की पाणी घट्ट धरून ठेवतो, ताणला तर लांबतो आणि गार झाल्यावरही बराच वेळ मऊ राहतो.

हा फरक डोळ्यांनी बघता येतो. दोन वाट्यांत दोन्ही पिठं चिमूटभर घेऊन पाण्यात उकळा, गार होऊ द्या आणि प्रत्येकीत जखमेवर लावायच्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. साध्या तांदळाची पेज क्षणात निळी-काळी होते, कारण आयोडीन अमायलोजच्या गुंडाळीत शिरून बसतं. चिकट तांदळाची पेज तांबूस-तपकिरीच राहते. शाळेतल्या मुलांना दाखवण्यासारखा प्रयोग आहे. वाट्या नंतर नीट घासा आणि पेज फेकून द्या. पिशवीवरच्या नावावर विश्वास नसेल तर दुकानदाराशी वाद घालण्यापेक्षा हा थेंब बरा.

वाद होण्यासारखं कारणही आहे. पिशवीवर ‘ग्लुटिनस राइस फ्लोअर’ असं लिहिलेलं असतं आणि वाचणारा गव्हाच्या ग्लुटेनची शंका घेतो. त्यात ग्लुटेन नसतं. गव्हाचं पथ्य असणाऱ्यालाही हे पीठ चालतं, फक्त पिशवीवर दुसरं काही मिसळल्याची नोंद नाही ना, एवढं पाहायचं. जळगाव-धुळ्याच्या किराणा दुकानात ते बहुधा मिळणार नाही, घरबसल्या मागवावं लागतं. आणि एक गोष्ट निक्षून सांगतो: साध्या तांदळाच्या पिठाचं थांगयुआन होत नाही. ते पाण्यात विरघळतं किंवा खडूसारखं तुटतं. त्यात कॉर्नफ्लोअर घालून ‘सोपी पद्धत’ म्हणून जे दाखवतात त्याने काम भागत नाही.

अस्सल चिकट तांदूळ आपल्या देशातही पिकतो, फक्त ईशान्येला. आसामचा बोरा साउल हा त्यातला. माघ बिहूला, म्हणजे आपल्या संक्रांतीच्याच दिवसांत, आसामी घरांत त्याचं ओलसर पीठ तव्यावर पसरून त्यात काळे तीळ आणि गूळ भरतात आणि सुरळी करतात, तो तिळपिठा. काळा तीळ, चिकट तांदूळ आणि जानेवारी ही जोडी जमवायला चीनला जायचीही गरज नाही. मणिपूरचा चाक-हाओ जांभळा-काळा असतो, तोही चिकट, आणि २०२० मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. जळगावची केळी आणि भरिताचं वांगं याच यादीत २०१६ पासून आहेत.

अख्खा चिकट तांदूळ मिळाला तर घरी पीठ करता येतं, आणि इथे अनारशाचा सराव कामी येतो. अनारशाला तांदूळ तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलतो, मग सुती कापडावर निथळून ओलसर असतानाच कुटतात. भिजलेला दाणा मऊ पडतो आणि पीठ रेशमी निघतं. कोरडा दाणा दळला की पिठाला कच राहते. चिनी पद्धत एक पाऊल पुढे जाते. रात्रभर भिजवलेला तांदूळ पाण्यासकट वाटायचा, वाटण कापडात बांधून टांगायचं किंवा जड वजनाखाली ठेवायचं, आणि उरलेला ओला गोळाच मळून वापरायचा. यात आंबवणं नाही, म्हणून तीन दिवसांची वाट बघायची नाही. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देणाऱ्या घरात हे काम नवं वाटू नये.

विकतच्या कोरड्या पिठाचं प्रमाण असं: दोनशे ग्रॅम पीठ, एकशे साठ ते एकशे सत्तर मिलिलिटर कोमट पाणी. पाणी थोडं थोडं घालायचं. आधी पीठ भुरभुरीत दिसतं, मग अचानक एकत्र येतं. या टप्प्यावर बोटाने दाबून बघा. कडेला भेगा पडल्या तर पारी भरताना तुटेल. चिनी बायका इथे एक युक्ती करतात. मळलेल्या गोळ्यातला लिंबाएवढा तुकडा काढून चपटा करतात, उकळत्या पाण्यात सोडतात, तो वर आला की गरमच उरलेल्या पिठात परत मळून घेतात. शिजलेल्या तुकड्याची खळ साऱ्या पिठाला धरते. उकडीचं आणि आधणाचं तत्त्व तेच, फक्त ते सगळं पीठ उकडत नाहीत, विरजणाएवढं उकडतात. हात भाजत नाहीत, हा मोठा फायदा. मळलेलं पीठ ओल्या फडक्याखाली पंधरा मिनिटं झाकून ठेवा.

मग पिठाचा साधारण सोळा ग्रॅमचा, मोठ्या बोराएवढा गोळा घ्या. अंगठ्याने खळगा करून मोदकाच्या पारीसारखी वाटी करायची, पण इतकी पातळ नको. फ्रीजरमधली सारणाची गोळी आत ठेवायची, कडा वर ओढून मिटायच्या, शेंडीचं जास्तीचं पीठ खुडून टाकायचं आणि दोन्ही तळव्यांत हलक्या हाताने फिरवायचं. आत हवा राहू देऊ नका, फुटण्याचं निम्मं कारण ती असते. एवढ्या साहित्यात वीस-बावीस होतात. झालेले गोळे पिठी भुरभुरलेल्या ताटात सुटे सुटे ठेवा आणि झाकायला विसरू नका; जळगावची हिवाळ्यातली कोरडी हवा दहा मिनिटांत साल धरवते.

पातेलं मोठं घ्या. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एकेक गोळा कडेने सोडायचा आणि पळीच्या पाठीने पाणी एकाच दिशेला हळू ढकलायचं, म्हणजे बुडाला कोणी चिकटत नाही. मग आच मध्यम. जोराच्या उकळीत गोळे एकमेकांवर आपटून फुटतात; उकळी अंगावर आली तर अर्धी वाटी गार पाणी घालायचं, डुबुक वडे करताना रश्शाला सांभाळतो तसंच. कच्चा गोळा पाण्याहून जड, म्हणून तळाशी बसतो. शिजताना पारी पाणी पिऊन फुगते, आत अडकलेली हवा आणि वाफ प्रसरण पावते, आकार वाढतो पण वजन तेवढं वाढत नाही, आणि गोळा वर येतो. वर आला म्हणजे झाला असं समजू नका. आणखी दीड-दोन मिनिटं राहू द्या, तोवर पांढरा अपारदर्शक रंग जाऊन कड जराशी काचेसारखी दिसू लागते.

वाढायचं पाणी वेगळ्या पातेल्यात: तीन वाट्या पाणी, बोटाच्या दोन पेरांएवढं ठेचलेलं आलं, शंभर ग्रॅम गूळ. दहा मिनिटं उकळून गाळायचं, कारण गुळात काडी-कचरा असतो. दक्षिण चीनमध्ये असंच आलं-गुळाचं पाणी करतात. काही घरांत नुसतं शिजवलेलं पाणीच देतात, पण ते मला बेचव वाटतं. वाटीत चार-पाच गोळे पुरे होतात. हा पदार्थ दिसतो त्यापेक्षा जड आहे.

खाण्याआधी घरात दोन सूचना द्या. आतलं तूप-साखर उकळत्या पाण्याइतकंच तापलेलं असतं, त्यामुळे अख्खा गोळा तोंडात टाकणाऱ्याची जीभ भाजते. आणि चिकट तांदूळ घशात अडकू शकतो. लहान मुलांना आणि दातांचा त्रास असलेल्या आजी-आजोबांना चमच्याने चार तुकडे करूनच द्यायचं, आणि शेजारी बसायचं.

उत्तर चीनमध्ये या पदार्थाचा भाऊ आहे, युआनशाओ. त्याची पारी भरत नाहीत. सारणाचे घट्ट चौकोनी तुकडे पाण्यात बुडवून पसरट टोपलीतल्या कोरड्या पिठावर टाकतात आणि टोपली गोल गोल हलवतात. पीठ चिकटतं, परत बुडवतात, परत हलवतात, थरावर थर चढत गोळा मोठा होतो. संक्रांतीचा हलवा परातीत तिळावर पाकाचे थर देऊन फुलवतात, ती रीत अशीच. युआनशाओची पारी खरबरीत होते आणि पाणी गढूळ. मला दक्षिणेकडचा गुळगुळीत गोळा जास्त आवडतो.

उत्तरेतल्या हनान प्रांतातलं झेंगझोउ हे गव्हाच्या मुलखातलं शहर. तिथे रोजचं खाणं नूडल आणि पाव. आपल्यासारखंच, तांदूळ त्यांचा मुख्य नव्हे. आणि तरीही गोठवलेलं थांगयुआन चीनभर पोचलं ते याच शहरातून. दवाखान्यात शल्यचिकित्सक असलेल्या चेन झेमिन यांनी १९९० च्या सुमारास ते गोठवून विकण्याची रीत बसवली, आणि त्यातून ‘सानछ्युआन’ ही मोठी कंपनी उभी राहिली. चिकट तांदळाची पारी गोठवून नंतर शिजवली तरी मऊच राहते, म्हणून हे जमलं. उकडीचा मोदक गोठवून विकणारेही आता आहेत, पण त्याची पारी परत वाफवल्यावर पूर्वीसारखी होत नाही. अमायलोज आपलं काम करून बसलेलं असतं.

घरी गोठवायचं असेल तर न शिजवलेले गोळे ताटात एकमेकांपासून लांब ठेवून फ्रीजरमध्ये कडक होऊ द्या, मग डब्यात भरा. घरच्या फ्रीजरमध्ये पारीला हळूहळू बारीक भेगा पडू लागतात, म्हणून महिनाभरात संपवा. शिजवताना वितळवायचे नाहीत, तसेच उकळत्या पाण्यात टाकायचे आणि दोन-तीन मिनिटं जास्त द्यायची. सारण संपून पीठ उरलं तर त्याच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळा, पाण्यात शिजवून गाळा आणि वेलदोडा घातलेल्या आटीव दुधात सोडा. गूळ घालायचा असेल तर दूध आचेवरून उतरवून कोमट झाल्यावर, नाहीतर फाटतं.